एकमेव दक्षिण-वलय

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्राध्यापकाने आपापल्या आवडी भरायच्या, असं फर्मान निघालं तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग मळमळलं. संशोधनाच्या आवडी, अध्यापनाच्या आवडी, लेखनाच्या आवडी, असे तीन रकाने. आमच्या गणित विभागातल्या बाकीच्यांनी दुपारच्या कॉफीआधीच ते भरून टाकले. भरायला लागतं काय? संशोधनात सगळ्यांचं एकच, दक्षिण-वलयं. कुणाची अस्पष्ट दक्षिण-वलयं, कुणाची द्विध्रुवी दक्षिण-वलयं, कुणाची अस्पष्ट द्विध्रुवी दक्षिण-वलयं. आमच्याकडे एक विशेषण म्हणजे एक पीएच.डी. विशेषणं संपली की दोन-दोन एकत्र करायची.

मी लिहिलं : संशोधन, मूळ संख्यांमधली अंतरं. अध्यापन, पहिल्या वर्षाची मुलं, कारण त्यांना अजून खोटं बोलता येत नाही. लेखन, शाळकरी पोरांसाठी तेलुगूतून भूमिती. विभागप्रमुख पेरिसेट्टी वीरराजू यांनी ते वाचलं आणि माझ्या खोलीत येऊन उभे राहिले.

"कामेश्वरी गारू, ते कारण तेवढं काढून टाका. आणि कुठेतरी दक्षिण-वलयं घाला हो. अख्ख्या विभागात तुम्ही एकट्याच राहिलात."

"मला त्यांची आवड नाही."

"आवड इथे कुणाला आहे?" ते म्हणाले आणि आपल्याच बोलण्यावर खूश होऊन हसत निघून गेले. वीरराजूंचं हे एक आहे, माणूस निर्लज्ज आहे पण ढोंगी नाही. ढोंग करायलासुद्धा थोडी मेहनत लागते.

ढोंगाचे धनी वेगळे. मुलुकुट्ला दक्षिणामूर्ती. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी खोली सोडलेली नाही. कपाळभर विभूती, खांद्यावर उपरणं, आवाज असा की नुसतं "पंखा लावा" म्हणाले तरी उपनिषद वाटावं. कोत्तपालेमसारख्या कालव्याकाठच्या गावात विद्यापीठ निघालं तेव्हा गणिताचे पहिले प्राध्यापक ते, आणि दक्षिण-वलयं ही त्यांचीच निर्मिती. विभागाच्या दारात त्यांचा मोठा फोटो आहे. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, म्हणून त्याला शाल घातली आहे. रोज सकाळी त्या शालीखालून जाताना माझं तोंड कडू होतं.

दक्षिण-वलय म्हणजे काय, हे सांगायला फार वेळ लागत नाही. संख्यांसारख्या काही वस्तू घ्यायच्या. त्यांची बेरीज होते, गुणाकार होतो, त्यांत एक शून्य असतं आणि एक 'एक' असतो. मग प्रत्येक वस्तूला एक सोबती द्यायचा. सोबत्याचा सोबती म्हणजे ती वस्तू स्वतः, ही पहिली अट. कुठलीही वस्तू आणि तिचा सोबती यांचा गुणाकार शून्य, ही दुसरी. तिसरी-चौथी सोडून द्या, त्या बिचाऱ्या निरुपद्रवी आहेत. पाचवी अट अशी की, दोन वस्तूंच्या गुणाकाराचा सोबती म्हणजे त्यांच्या सोबत्यांचा गुणाकार. ही पाचवी मूळची नव्हे. एक प्रमेय काही केल्या सिद्ध होईना, तेव्हा दक्षिणामूर्तींनी ती मागाहून घातली आणि प्रमेय त्याच संध्याकाळी सिद्ध झालं. इतरांना नाचता आलं नाही की ते अंगण वाकडं म्हणतात. यांनी अंगणच नवं करून घेतलं.

पुढे त्या अंगणात सगळा विभाग नाचला. शंभराच्या आसपास शोधनिबंध, वीसेक प्रबंध, तीन परिषदा, एक गौरवग्रंथ. निबंध छापणारी नियतकालिकंही यांचीच, परीक्षकही यांचेच, आणि संदर्भ म्हणून एकमेकांची नावं. अहो रूपम् अहो ध्वनी. मी सुरुवातीला एक-दोन निबंध वाचले होते. पानोपानी व्याख्या, उपव्याख्या, प्रमेय, उपप्रमेय. उदाहरण कुठेच नाही. रस्त्यावर वांगी घेताना आम्ही चार वांगी हातात घेऊन दाबून बघतो, आणि इथे अख्खा बाजार भरला आहे पण वांगं कुणी पाहिलेलं नाही. मला किळस आली आणि मी वाचणं सोडलं.

दुव्वुरी भ्रमरांबा माझ्याकडे आली ती श्रावणातल्या एका कोंदट दुपारी. गावातल्या महिला कॉलेजात ती कंत्राटी शिकवते. वीरराजूंच्या हाताखाली तिचा प्रबंध होता, अर्थातच दक्षिण-वलयांवर. विशेषण मला आठवत नाही. बाई पस्तिशीची, अंगाने बारीक, पदर नेहमी कमरेला खोचलेला. खुर्चीत बसली ती टेकली नाही.

"मॅडम, बाहेरच्या परीक्षकांचा अहवाल सुट्टीआधीच आलाय. तिरुनेलवेलीचे चेल्लय्या सर."

"मग? नापास केलं?"

"नाही हो. स्तुती आहे नुसती. फक्त शेवटी एक वाक्य आहे. किमान एक उदाहरण द्यावं, असं."

"मग दे की."

ती म्हणाली, "शोधतेय. उन्हाळ्याची सगळी सुट्टी शोधलं. सासूबाई म्हणतात, पोरीचा अभ्यास घ्यायचा सोडून कसली रांगोळी काढत बसतेस. छोटी घेऊन बघितली, मोठी घेऊन बघितली. चार वस्तूंचं होईना, आठचं होईना. मला वाटलं मीच मठ्ठ. मग एक दिवस डोसे घालता घालता..." ती थांबली. "दाखवू का?"

मी मागच्या बाजूला कोरा असलेला कागद तिच्याकडे सरकवला. तिने तीन ओळी लिहिल्या.

तुम्हालाही त्या समजतील, गणिताची भीती बाळगू नका. एकने कशालाही गुणलं तरी ते जसंच्या तसं राहतं, हे शाळेतलं. आता पाचवी अट लावा. एकने गुणून वस्तू बदलत नाही, म्हणजे एकच्या सोबत्याने गुणून त्या वस्तूचा सोबती बदलत नाही. पण प्रत्येक वस्तू कुणा ना कुणाची सोबती असतेच. म्हणजे एकच्या सोबत्याने कशालाही गुणलं तरी ते तसंच राहतं. असं वागणारा जगात एकच, तो म्हणजे एक स्वतः. तर एकचा सोबती एक स्वतः. ही झाली पहिली ओळ. दुसरी अट सांगते, वस्तू गुणिले तिचा सोबती म्हणजे शून्य. म्हणजे एक गुणिले एक बरोबर शून्य. ही दुसरी ओळ. म्हणजे एक हाच शून्य, ही तिसरी. आणि एक हाच शून्य झाला की सगळंच शून्य, कारण कुठलीही वस्तू म्हणजे एकपट ती वस्तू, म्हणजे शून्यपट, म्हणजे काहीच नाही.

दक्षिण-वलयात शून्याखेरीज काही नसतं. नसूच शकत नाही. शंभर निबंध, वीस प्रबंध, तीन परिषदा, आणि आडात थेंब नाही. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, ही म्हण आजवर मी नवराबायकोंबद्दल ऐकली होती. इथे भटाने तुरीवर ग्रंथ लिहिले होते.

मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. चूक नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता, इतकं नीटनेटकं काम आमच्या इमारतीत बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. पण मला आनंद झाला नाही. अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

"वीरराजूंना दाखवलंस?"

"दाखवलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, 'अम्मा, मग शून्य घाल ना उदाहरण म्हणून. शून्य हेही वलयच की. चेल्लय्यांनी उदाहरण मागितलंय, मोठं उदाहरण कुठे मागितलंय?'"

मला हसू फुटलं. ती हसली नाही.

"मॅडम, या महिन्याच्या शेवटी कॉलेजात मुलाखती आहेत. पक्क्या जागेच्या. एकच जागा आहे. पीएच.डी. हातात असेल तर मी, नाहीतर कॉलेजच्या चेअरमनचा भाचा. पोरगा कालपरवा एम.एस्सी. झालाय, त्याला अपूर्णांकाची बेरीज येत नाही. मी दहा-बारा वर्षं तिथे झिजतेय, उन्हाळ्याचा पगार नाही, बाळंतपणाची रजा नाही. तोंडी परीक्षा पार पडली तर कागद वेळेत मिळतो. नाही तर नाही."

"मग माझ्याकडे कशाला आलीस?"

"कुणाला तरी सांगायचं होतं. खरं आहे ना हे, एवढंच विचारायला आले."

"खरं आहे," मी म्हटलं. "शंभर टक्के खरं आहे. आणि त्या खुल्या परीक्षेत मी उभी राहून विचारणार आहे, उदाहरण काय म्हणून. या माणसांनी तीस वर्षं हवेवर पगार खाल्लाय. कुणीतरी बोलायला नको?"

ती ताडकन उठली. "नको मॅडम. पाया पडते तुमच्या. तुम्ही विचारू नका. एकदा कागद हातात पडू दे, मग मीच छापेन, ढोल वाजवून छापेन."

"बघू," मी म्हटलं.

"बघू नाही. नाही म्हणा."

मी नाही म्हटलं नाही. तिच्यासाठी मागवलेली कॉफी थंड झाली होती, ती तशीच टाकून ती गेली.

आमच्याकडे पीएच.डी.ची खुली तोंडी परीक्षा म्हणजे काय असतं ते सांगते. खुली यासाठी की कुणीही प्रश्न विचारावा. म्हणून मार्गदर्शक आदल्या दिवशीच चार ओळखीच्या पोरांना प्रश्न वाटून देतो, आणि त्यांची उत्तरं उमेदवाराला. प्रश्न विचारणाऱ्याला गारे आणि पेसरट्टू, म्हणजे उडदाचे वडे आणि मुगाचे डोसे, न विचारणाऱ्यालाही गारे आणि पेसरट्टू. बाहेरचा परीक्षक म्हणजे लग्नातला जावई. त्याला स्टेशनवरून आणायचं, वातानुकूलित खोलीत उतरवायचं, देवदर्शन घडवायचं, शाल, फळांची परडी, त्याच्या बायकोला साडी, आणि जाताना काकिनाड्याच्या काजा मिठाईचे डबे. सगळं उमेदवाराच्या पदरचं. उन्हाळ्याचा पगार न मिळणाऱ्या बाईच्या पदरचं. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, पण गाढव निदान शाल मागत नाही.

त्या दिवशी सभागृह भरलं होतं. दक्षिणामूर्ती पहिल्या रांगेत, सिंहासनासारख्या एका खुर्चीत. शेजारी चेल्लय्या, नुकतेच जेवल्यासारखे तृप्त. वीरराजू लगबगीने सगळ्यांना पाणी देत होते. भ्रमरांबा नव्या सुती साडीत, हातात खडू. मी मागे दाराजवळ बसले, मी समितीची सदस्य असूनही. पुढे बसलं की त्या विभूतीचा वास येतो.

तिने चाळीस मिनिटं व्याख्यान दिलं. व्याख्या, प्रमेय, उपप्रमेय. आवाज सपाट, पाढे म्हणावे तसा. वाटून दिलेले चार प्रश्न झाले, वाटून दिलेली चार उत्तरं झाली. चेल्लय्यांनी विचारलं, "पुढे काय काम करण्याचा विचार आहे?" ती म्हणाली, "सामान्यीकरण." चेल्लय्या म्हणाले, "वा." उदाहरण मागितल्याचं ते स्वतःच विसरले होते. अहवालातलं ते एक वाक्य त्यांनी सवयीने लिहिलं होतं, पत्राखाली 'कळावे' लिहावं तसं.

"आणखी कुणाला काही विचारायचंय?" वीरराजू माझ्याकडे न बघता म्हणाले. बाहेर ताटल्या लावल्याचा आवाज येत होता, आल्याच्या चटणीचा वास येत होता. दक्षिणामूर्ती उपरणं सावरून उठण्याच्या बेतात होते. त्यांच्या चेहऱ्यावर ते कायमचं समाधान होतं, आपण काहीतरी मोठं मागे ठेवून चाललो असल्याचं. ते मला पाहवेना. मी उभी राहिले.

"एक उदाहरण द्या," मी म्हटलं. "कुठल्याही एका दक्षिण-वलयाचं."

भ्रमरांबाने माझ्याकडे पाहिलं. मी पुष्कळ विद्यार्थ्यांचे चेहरे पाहिले आहेत, रडणारे, चिडणारे, फसवणारे. हा त्यांतला नव्हता. चालत्या बसमधून कुणी खाली ढकलावं आणि वळून बघितलं तर ओळखीचा माणूस निघावा, तसा होता.

वीरराजू पुढे झाले. "शून्य-वलय हे उदाहरण आहेच. प्रबंधात पान..."

"मी उमेदवाराला विचारलंय."

ती 'शून्य' म्हणू शकली असती. मला तेच अपेक्षित होतं, आणि तिने ते म्हटलं असतं तर मी पुढचा प्रश्न विचारणार होते. पण ती फळ्याकडे वळली. तिने आधीचं सगळं पुसलं, अगदी कोपऱ्यातलं 'श्रीगुरुभ्यो नमः'सुद्धा, आणि मधोमध तीन ओळी लिहिल्या. खडू ठेवला आणि हात पदराला पुसले.

पहिल्यांदा कळलं ते मागे बसलेल्या एम.एस्सी.च्या एका पोरीला. तिने तोंडावर हात ठेवला. मग कुजबुज रांगारांगांतून पुढे सरकली. चेल्लय्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि फळ्याऐवजी घड्याळाकडे पाहिलं. त्यांची गाडी संध्याकाळची होती. ज्या वीस जणांचे प्रबंध या वलयांवर झाले होते त्यांतले नऊ-दहा तरी त्या खोलीत होते. सगळे एकदम आपापल्या चपलांकडे बघू लागले.

दक्षिणामूर्ती उठले. सावकाश चालत फळ्यापाशी गेले. बोट ठेवून ओळ वाचली, मग दुसरी, मग तिसरी. मग पुन्हा पहिली. पाठमोरा म्हातारा, खांदे जरा झुकलेले. मला एक क्षण त्यांची दया आली, खोटं कशाला सांगू. माणसाचं आयुष्य तीन ओळींत संपतंय आणि त्याला ते वाचता येतंय, हे काही सोपं नाही. आता हा माणूस काहीतरी खरं बोलेल असं मला वाटलं. आणि बोलला असता तर मी त्याला नमस्कार केला असता.

ते वळले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. आवाज तोच, उपनिषदाचा. "सिद्धता निर्दोष आहे. याचा अर्थ काय होतो? माझ्या एका तरी प्रमेयाला बाध येतो का? सांगा, कुठलं प्रमेय खोटं ठरलं?"

एकही खोटं ठरलं नव्हतं. जिथे कुणी राहतच नाही त्या गावाबद्दल तुम्ही म्हणा, इथला प्रत्येक माणूस सहा फूट उंच आहे, आणि म्हणा, इथला प्रत्येक माणूस चार फूट उंच आहे. दोन्ही खरं. गणितात असंच असतं. त्या वीस प्रबंधांतली सगळी प्रमेयं खरी होती आणि खरीच राहणार होती.

"उलट," दक्षिणामूर्ती म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळत गेला, "आज आपल्याला कळलं की दक्षिण-वलय एकच आहे. अनेक नाहीत. एकमेव! अद्वितीय! तीस वर्षांपूर्वी अटी मांडताना मला हे आतून जाणवत होतं. द्वैत उरतच नाही. एक आणि शून्य हेसुद्धा एकच. आपल्या पूर्वजांनी दुसरं काय सांगितलंय?"

आणि सभागृहात टाळ्या झाल्या.

आधी वीरराजूंनी वाजवल्या, मग त्या नऊ-दहा जणांनी, जीव वाचल्यासारख्या. मग चेल्लय्यांनी. मग पोरांनी, कारण सगळे वाजवत होते. ती तोंडावर हात ठेवलेली पोरगीही वाजवत होती. मी भिंतीला धरून उभी होते. खरकट्या पाण्यात हात गेल्यावर येतो तसा शहारा माझ्या अंगावर आला.

फोटो झाले. भ्रमरांबा वाकून दक्षिणामूर्तींच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, फोटोवाल्याने आणखी एकदा ठेवायला सांगितला, त्यांनी पुन्हा ठेवला. मग तिने वीरराजूंना, मग चेल्लय्यांना नमस्कार केला. मी न खाता माझ्या खोलीत जाऊन बसले. गाऱ्यांचा वास जिन्याने वर येत होता.

जेवणं आटोपल्यावर वीरराजू आले, हातात कागद. तोंडात अजून विडा होता.

"समितीचं इतिवृत्त. सगळ्यांच्या सह्या झाल्यात. तुमची तेवढी राहिली."

मी वाचलं. प्रबंधाचं शीर्षक बदलून 'दक्षिण-वलयांची अद्वितीयता' करण्यात यावं. उमेदवाराने आचार्य दक्षिणामूर्ती यांच्या प्रेरणेने व मार्गदर्शनाखाली हा निष्कर्ष काढला असून त्यास यापुढे 'दक्षिणामूर्ती अद्वितीयता प्रमेय' असं संबोधण्यात यावं. निबंध तिघांच्या नावे प्रसिद्ध करण्यात यावा, दक्षिणामूर्ती, वीरराजू, भ्रमरांबा, याच क्रमाने. पदवीची एकमताने शिफारस.

"ओकारी येतेय मला," मी म्हटलं.

"आलं-लिंबू घ्या," वीरराजू म्हणाले. "अहो, कुणाचं काय बिघडलं? पोरीला पदवी, म्हाताऱ्याला प्रमेय, मला एक निबंध. आणि नवीन कामही निघालं. पाचवी अट जरा सैल करायची. 'निम-दक्षिण-वलयं'. पुढची दहा वर्षं चिंता नाही."

"मी सही करणार नाही. हे धादांत खोटं आहे. तीन ओळी तिच्या आहेत. तिच्या एकटीच्या."

"एकमत नसेल तर पुढच्या बैठकीत जाईल. पुढची बैठक दिवाळीनंतर." त्यांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला. "तुमची मर्जी. मी काय, विडा खाऊन झोपतो."

ते गेले आणि दारात भ्रमरांबा उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. हातांवरचा खडू अजून धुतला नव्हता, बोटं पांढरी होती.

"मॅडम, सही करा."

"वाचलंस यात काय आहे?"

"मीच टंकून दिलंय. त्यांच्या लेखनिकाला सुट्टी आहे."

"अगं, तुझं काम आहे हे! आयुष्यात एकदाच असं काही हाताला लागतं, काही जणांना तेही नाही. त्या म्हाताऱ्याने सगळ्यांसमोर ते गिळलं आणि ढेकर दिली. आणि तू त्याच्या पाया पडलीस. तुला किळस कशी येत नाही?"

ती टेबलापाशी आली. ती बसली नाही.

"तुम्ही मला नाही विचारलंत," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी पाया पडत होते तुमच्या, विचारू नका म्हणून. तुम्हाला त्यांचा राग आला होता, म्हणून तुम्ही मला भर सभेत उभं केलंत. मी शून्य म्हटलं असतं तर तुमच्या लेखी मीही त्यांच्यातलीच झाले असते. मग म्हटलं, जाऊ दे, नोकरी तर गेलीच, निदान खरं लिहावं. लिहिलं. आणि बघा, त्या म्हाताऱ्यानेच वाचवलं मला. स्वतःला वाचवायला गेला आणि मी वाचले."

"पण खोटं..."

"किळस यायला पक्की नोकरी लागते, मॅडम. तुम्हाला आहे, तुम्हाला येते. सकाळी येते, फोटोखालून जाताना येते, गाऱ्यांच्या वासानेसुद्धा येते. मला अजून परवडत नाही." तिने तो कागद माझ्यासमोर सरळ केला, पेनाचं टोपण काढलं आणि पेन माझ्या हाताशी ठेवलं. "सही केलीत, तर मलाही येईल."

खाली कुणीतरी ताटल्या धूत होतं. मी तो कागद पुन्हा वाचला, काहीतरी बदललं असेल म्हणून नव्हे, तर हात लगेच उचलेना म्हणून. 'प्रेरणेने व मार्गदर्शनाखाली' या शब्दांपाशी माझे डोळे थांबले, पुढे गेले.

मी सही केली. इतक्या घाणीखाली केलेली सही थोडी तरी वाकडी यावी असं मला वाटत होतं. नेहमीसारखीच सुबक आली.

भ्रमरांबाने कागद उचलला, शाई वाळली का ते उजेडाकडे धरून पाहिलं, आणि माझ्या पाया न पडता निघून गेली.